कोपर फ्रेममध्ये

चोपड्यात अठरा वर्षं मी लग्नंच शूट केली.
हळद, बँड, वरमाईचे डोळे,
आणि एडिटिंगला वरून पाडलेल्या गुलाबपाकळ्या.
आता दर बुधवारी यावल रस्त्यावरच्या शाळेत
निळ्या चादरीसमोर ट्रायपॉड उभा करतो.
फाटकावर ‘मूकबधिर’ लिहिलेलं होतं,
त्यातलं ‘मूक’ नेहेते मॅडमनी चुन्यानं पुसलंय.

पहिल्या दिवशी सवयीनं पंखा बंद केला,
माइकमध्ये घरघर येते म्हणून.
मॅडमनी तो परत लावला,
त्यांना स्वतःला ऐकू येत नाही,
वहीत लिहून दाखवलं : ‘मे महिना आहे.’

मग मी झूम केलं, जसं नवरीवर करतात.
सातवीतली शबनूर तडवी स्टुलावरून उठली,
माझी मान धरून स्क्रीनकडे वळवली :
कोपर कुठंय?
हात कापला की वाक्य कापलं जातं.
भुवई कापली
तर प्रश्नाची नुसती बातमी होते.
अठरा वर्षांत
कुणी माझ्या फ्रेमची इतकी चूक काढली नव्हती.

बायको पारोळ्याची. रात्री मॉनिटरमध्ये डोकावली :
“गाना नही, आवाज नही,
मंग लोके काय देखतीन?”
मी खरंच एक बासरी टाकून पाहिली होती खालून.
बासरीमुळे हात मला दिसेनासे झाले.
काढून टाकली.

मोठ्या कोशात केळं आहे : एक बोट, आणि सोलणं.
घड नाही, पील नाही,
एका वावटळीत आडवी झालेली बाग नाही.
भरीत तर नाहीच.
भरितावर तीन बुधवार भांडण चाललं.
मुबारक म्हणे, बडगीत ठेचणं पुरे.
हितेश म्हणे, आधी पऱ्हाट्यांचा जाळ, नाहीतर ती चटणी.
शेवटी जाळ, मग ठेचणं,
मग बोटं चाटणं.
चाटणं मॅडमनी कोशातून काढलं,
पोरं जेवताना अजून ठेवतात.

बाष्पीभवन एकदाच घेतलं, दोन सेकंदांचं.
पुस्तकाच्या पानावर ठिपक्यांचा चौकोन चिकटवला,
त्यावर मोबाइल धरला की शबनूरचे हात वर वर जातात.
पाचवीतला एक पोरगा ते अर्ध्या वेगानं
सव्वीस वेळा बघत होता.
नंतर खिडकीत ओलं फडकं वाळत घातलं
आणि त्याच्यासमोर बसून राहिला.

श्रावणात मथाबाई आली.
तापीकाठची, साठीची, कोळ्यांची.
भाचा म्हणाला, मुकीच आहे, शाळा नाही, काही नाही,
केळीच्या काट्यावर वजनं टाकायची.
मॅडमच्या खुणा तिला कळेनात,
तिच्या खुणा मॅडमना.
भाचा घड्याळ बघू लागला.

पण पोरं सतरंजीवर गोल करून बसली.
ती नाकाशी चिमूट धरायची : आई, नथवाली.
तळवा पोटापासून गळ्यापर्यंत आणायची,
मग दोन्ही हातांनी काहीतरी उचलून डोक्यावर.
बराच वेळ कुणाला लागेना.
मुबारकला लागलं : नदी. पूर.
डोक्यावर काय, ते नाही लागलं.
तिनं पुन्हा उचललं, छातीशी धरलं, हलवलं.
शबनूरनं विचारलं, भाऊ?
मथाबाई थांबली.

आधारकार्डावर तिचं नाव आहे, हे तिला माहीत नाही.
पोरांनी तिला एक नाव दिलं :
उघडा तळवा, वजनानं किंचित खाली जाणारा.
तिनं ते करून पाहिलं. परत केलं.
मी कोपरासकट घेतलं.

संगणकानं विचारलं :
आवाजाचा ट्रॅक सापडला नाही, तरी जतन करायचं?

मग तिलाच लावून दाखवलं, मोठ्या पडद्यावर.
पडद्यातल्या बाईनं नदी सांगितली,
आई सांगितली, डोक्यावरचं ओझं सांगितलं,
आणि ही मथाबाई, खुर्चीतली,
मान हलवून
तिला उत्तरं द्यायला लागली.
भराभर. मधे मधे तिलाच थांबवून.

भाचा म्हणाला, चला, बस जाईल.
मी प्रोजेक्टरच्या वायरवर पाय ठेवून उभा राहिलो,
कुणी ओढू नये म्हणून.