चुलीचं तोंड

मी आटपाडीची.
तिकडं बाभळीचं जळण पहिल्या काडीत धरतं
आणि धूर कुणी न सांगता सरळ वर जातो.
इथं पाटणच्या वर, मोरगिरीच्या अंगाला,
जूनपासून लाकूड पाणी पिऊन बसतं.
आधी नावं शिकले: ऐन, किंजळ, जांभूळ.
मग कोण जळतं, कोण नुसतंच धुमसतं.
जांभूळ धुमसतं.

वाटणीत भांडी मोजली, म्हैस तिकडं गेली,
रेडकू आमच्याकडं आलं आणि आठ दिवस ओरडत राहिलं.
मधे कूड घातला.
गावानं एवढंच म्हटलं: चूल वेगळी झाली.
खरी चूल मात्र मला घालायची होती.

आनंदानं वारुळाची माती आणली, दोन पाट्या.
भाताचं तूस, शेण,
तीन दिवस भिजवून तुडवली
पायाच्या भेगांत अजून आहे ती.
माहेरी आई घालायची तशीच घातली
तोंड मावळतीला, वैल उजव्या हाताला.
वाळताना दोन चिरा गेल्या, बोटानं बुजवल्या.
हळदकुंकू लावलं, दूध उतू घालवलं,
दूध रेडकाच्या नशिबाचं होतं, असो.

मग पाऊस आला आणि पावसाच्या पुढं वारा.
दरवाज्यातून आत, थेट चुलीच्या तोंडात.
आत गेलेला धूर
पत्ता चुकल्यासारखा माघारी माझ्याकडं.
फुंकणीनं गाल दुखले. डोळे तर विचारू नका.
भाकरीला, भाताला, दंडाला, उशीला एकच वास.
आनंदा काही बोलला नाही,
प्रत्येक घासावर पाणी प्यायला.
कुडाच्या पलीकडं अनसाक्काची चूल फुरफुरायची.
चूल फुरफुरली की पाव्हणं येतं म्हणतात.
मला वाटायचं, हसतीय.

अकरा महिन्यांनी ती आली. हातात कोयता.
मी खोकत होते, उठले नाही.
तिनं माझ्याकडं बघितलंच नाही,
चुलीपुढं उकिडवी बसली आणि चुलीला म्हणाली,
"अगं बये, वाऱ्याकडं तोंड करून कुणी बसवलं तुला?"
मी पण चुलीलाच म्हटलं,
"सांग तिला, आटपाडीला वारा असा घरात घुसत नाही."
"बरं. मग वाऱ्याला आटपाडीला धाड म्हणावं."

कोयत्याच्या मुठीनं तिनं चुलीची पाठ फोडली.
माझ्या पोटात धस्स झालं.
तेच तोंड केलं, दोन बोटं रुंद,
खालचा उंबरा घासून उतरता केला,
जुनं तोंड फुटक्या कौलाच्या तुकड्यानं
आणि चिखलानं बंद.
पाठीचं तोंड, तोंडाची पाठ.
एवढं सोपं होतं, आणि मी महिनाभर रडले होते.

जाताना उंबऱ्यात थांबली, अजून चुलीशीच बोलत:
ओली लाकडं वर फळीवर घाल, खालच्या धगीनं वाळतील.
भांड्याला बाहेरून माती लाव, काजळी हातानं निघंल.
राख सगळी काढू नको. बोटभर ठेव.
निखारा निजतो तिच्यात.

आता गॅस आहे. चहाला, आजारपणाला, रात्री-अपरात्री.
बाकी चूल.
दर अमावस्येआधी पोतेरं फिरवते,
आणि दर वर्षी त्याच जागी चीर पडते
जिथं जुनं तोंड होतं.
घरोघरी मातीच्या चुली म्हणतात.
माती घरोघरी वेगळी असते, हे कुणी सांगत नाही.
ही चीर मी बुजवते. पुढच्या पावसात ती परत येते.
माझी तक्रार नाही.

पहाटे कूड वाजतो.
अनसाक्का खापरी घेऊन उभी असते:
"विस्तू आहे का गं?"
मी राख बाजूला सारते, दोन निखारे तिला देते,
एक ठेवते.
तिच्याकडं काडेपेटी आहे.
देवळीत, तेलाच्या बुधलीमागं.