सर्व प्रकारचे नांगर

जांभळी नाक्याला तय्यबअली शेठची पेढी होती.
पुढे औतं, मागे गाड्या,
आणि मधे, दोन्हींच्या वासात, मी:
वय चौदा, पगार साडेतीन रुपये, अक्षर बरं.

शेठ हिशेब गुजरातीत करायचा, विकायचा मराठीत,
मालाची नावं माझ्याकडून वहीत उतरवून घ्यायचा.
आस, लोखंडी, दोन.
धाव, सव्वाचार फुटी, सहा.
"आस म्हणजे उम्मीद ना?" एकदा विचारलंन.
म्हटलं, तीही. पण ही चाकातली, वंगण घातलं की चालते.
हसला नाही.
"मग ती कशाने चालते?"
मी दौतीत पाणी घालत राहिलो.

एक बग्गी होती, मेणकापडाच्या टपाची.
दर शनिवारी राजाध्यक्ष वकील यायचे,
चढायचे, बसायचे, गादी दाबून बघायचे,
"कमानी नरम हव्यात" म्हणून उतरायचे.
अकरा महिने.
कमानी त्यांच्याच बसण्याने नरम होत गेल्या.

आणि दाराशी तो लोखंडी नांगर,
आगगाडीने आलेला, पेंढ्यात बांधून,
निळ्या रंगाचा, फाळाला तेल.
बाळकुमचे, माजिवड्याचे लोक टिचकी मारून नाद ऐकत,
"आमच्या खाचरात हा बैलांसकट बुडंल" म्हणत
आणि शिवळांचा जोड घेऊन जात.
तिसऱ्या वर्षी शेठ त्याच्या रुमण्याला छत्री अडकवू लागला.

पाटी माझ्या हातची:
येथे सर्व प्रकारचे नांगर मिळतील.
'सर्व'चा रफार जरा उडाला होता.

भर दुपारी आली चेंदणीची चांगी नाखवीण.
टोपली पायरीवर, पदर कमरेला.
"नांगर हाय?"
शेठने छत्री काढून घेतली.
तिने दोन्ही हातांनी उचलून पाहिला, हुंकार दिला.
"जड हाय. बेस हाय. दोर कुठं बांदाचा?"
दोर नाही बाई, बैल.
"होरीला बैल?"
मग बाहेर बोट करून:
"पोरानं वाचून दावलंय. सगल्या परकारचं."
शेठने माझ्याकडे पाहिलं.
मी रफाराकडे.

गेला नांगर. दोन पोरांनी बांबूला लटकवून,
वरातीसारखा, खाडीकडे.

आठव्या दिवशी, शनिवारीच, ती परत.
"शेठ, तुमचा नांगर ऱ्हवाला नाय. नांगरीत गेला."
पैसे मागितले नाहीत. म्हणाली, येऊन बघा.

स्टँडवरचा घोडा मागून बग्गीला जोडला,
पहिल्यांदाच तिची चाकं नाक्याबाहेर पडली.
बंदरावर ओहोटी होती.
रेल्वेच्या पुलापासून तिवरांपर्यंत
काळ्या चिखलात एक तास,
दोरी धरून काढावा तसा,
टोकाला कलंडलेली होडी,
आणि होडीच्या पुढे, फाळ रोवून,
आपला निळा.
मागून बगळे किडे टिपत चालले होते.

शेठने जोडे काढले.
पायजमा वर करून पोटरीभर चिखलात उतरला,
तासाच्या कडेकडेने वाकून चालत गेला.
"सरळ आहे," तो म्हणाला. कोणाला, माहीत नाही.
"बघ, कुठे उडाला नाही. सरळ आहे."
चांगी म्हणाली, "सरळचं मी काय करू?"

लोहाराकडून फाळ वाकवून दिला, पेढीच्या खर्चाने.
मग तो धरू लागला म्हणे.

परतलो तर बग्गीच्या रिकाम्या जागी
राजाध्यक्ष उभे, हातात टोपी.
चाकावरचा चिखल नखाने खरवडून म्हणाले,
"वापरलेली दिसते. आता किंमत कमी करा."

रात्री वहीत नांगर कुठल्या खात्यात घालू विचारलं.
शेठ पायाची बोटं कंदिलाशी धरून
नखांतला चिखल काढत होता.
"आस कुठे लिहितोस?"
सुट्या भागांत, म्हटलं.
"तिथेच लिही."