न्यायाधीशाकडे पाठ

आमच्याकडे आयर्लंडात सॉलिसिटर बसते
न्यायाधीशाकडे पाठ करून.
समोर उभा बॅरिस्टर, काळ्या झग्यात,
सकाळच्या गाडीने डब्लिनहून आलेला.
तो बोलतो. मी त्याचे डोळे वाचते,
तारखेपाशी अडखळला
की बोटाने कागद पुढे सरकवते.

बोलायची मुभा मलाही आहे म्हणा,
कायद्यात तसं लिहिलंय.
पण रीत ती रीत.

मालाकी टॅन्सीची वाट होती ती,
दलदलीकडे, पीट काढायला जाणारी,
जेमतेम एका ट्रॅक्टरची.
भावाने फाटक बसवलं, कुलूप घातलं.
तीन वर्षं मालाकी माझ्या खुर्चीत बसला,
टोपी गुडघ्यावर,
वाटेबद्दल कमी बोलला,
आई गेली तेव्हा कोण आलं नाही
त्याबद्दल जास्त.
मी वाटेचं तेवढं लिहून घेतलं.
बाकीचं फायलीत मावत नाही,
ते घरी न्यायचं.

मधे ओहायोला गेले, धाकट्या बहिणीकडे.
दारावर पितळी पाटी:
सॉलिसिटरांना मज्जाव.
मी बॅग धरून पायरीवरच.
ब्रोना हसून बेजार.
अगं, इथे सॉलिसिटर म्हणजे फेरीवाला,
झाडू विकणारा, देव विकणारा,
दार वाजवून काहीतरी मागणारा!
आणि वकील एकच,
घरी ऐकतो तोच, कोर्टात भांडतो तोच.
तिचा नवरा ल्योंचा. तो म्हणाला,
आमच्या गावी घर विकताना नोटरी असतो,
पुष्कळदा दोघांत एकच,
कुणाच्याच बाजूचा नाही.

रात्री वाटलं, पाटी काही खोटी नाही.
मी तरी दुसरं काय करते?
उसन्या तोंडाने शब्द टाकते
लोकांच्या दारी.

तारखेच्या दिवशी बॅरिस्टर उभा राहिला.
त्याची पाठ लोकांकडे, माझी न्यायाधीशाकडे,
म्हणून मलाच दिसलं:
एका बाकाच्या दोन टोकांना
मालाकी आणि फिंटन,
दोघांच्याही टोप्या डाव्या गुडघ्यावर,
दोघांचेही अंगठे
टोपीची तीच शिवण चाचपत.

चिठ्ठीवर लिहिलं: दहा मिनिटं मागा.
त्याने भुवई उंचावली. मागितली.

दहाची चाळीस झाली.
बाहेर, रेडिएटरपाशी, मी बोलले.
काय, ते फायलीत नाही.
कुलपाची किल्ली आहे,
सव्वीस नंबरच्या पाकिटात.