दोनशे पंचावन्नच्या पुढे

विजू टेंभुर्णे पेनड्राइव्ह टेबलावर ठेवतो, मान पुसतो.
"भाऊ, टीव्ही लय मोठा घेतला,
पण बाबा त्यात मळकट दिसून राहिले.
बाकी सारं चमकते. बाबाच नाही चमकत."

मेची दुपार. धंतोलीत जिन्याखालचं माझं दुकान,
कूलरमधून वाळ्याचा ओला वास,
रस्त्यावर दुपट्ट्यात गुंडाळलेली डोकी.
उजेड म्हणजे काय
हे या गावाला कुणी शिकवायला नको.

फोटो कोराडीचा, एक्क्याण्णवचा.
रूपचंद टेंभुर्णे, पाळी संपायच्या बेतात,
डोक्यावर पांढरं हेल्मेट, एका हातात कपबशी,
दुसरा हात कानाच्या वर, तिरका.
"टाटा करून राहिले," विजू सांगतो.
"आई रोज सकाळी त्याले पाहून हात हलवते."
कडेला अर्धवट कापलेला एक पांढरा चौकोन.
"ते खिडकी होय."

मी आकडे उघडतो.
हेल्मेट दोनशे पंचावन्न.
कपाची कड दोनशे पंचावन्न.
खिडकी दोनशे पंचावन्न.
जुन्या फाईलला यापुढं मोजताच येत नाही.
पायली शिगोशीग भरली
की वरचं धान्य जमिनीवर सांडतं
आणि हिशेबात पायली एकच.
सांडलं किती, ते फोटोला ठाऊक नाही.
नवा पडदा मात्र हजारापर्यंत उजळतो
आणि मलाच विचारतो,
सांग, यातलं कोण किती होतं?

आधी यंत्रावर सोपवलं.
त्यानं तिघांनाही सारखंच पेटवलं.
हेल्मेटची ट्यूबलाइट झाली,
कपाचा पुनवेचा चंद्र,
आणि मधे बाबा, पहिल्याहून काळे.
"हे तर गणपतीचं डेकोरेशन झालं जी," विजू म्हणाला.

मग हातानं.
हेल्मेट खाली आणलं, हजारातल्या दोनशेवर.
ते नुसतं पांढरं आहे,
त्याच्यात स्वतःचं काही जळत नाही.
कपालाही तिथंच बसवलं.
राहिली खिडकी. मोठी करून पाहिली
तर चौकटीला बारीक नारिंगी काठ,
आणि तोच रंग उचललेल्या हाताच्या
बाहेरच्या तीन बोटांवर.
आभाळ असं बोटांना हळद लावत नाही.

"तिथं खिडकी होती?"
विजू बराच वेळ गप्प.
"बॉयलरपाशी खिडकी कायची...
झडप असंल. आतली आग पाहाची."

तेवढाच चौकोन मी वर सोडला.
चारशे. सातशे. हजार.
समोरच्या कॅलेंडरवर उजेड पडला,
मे महिन्याच्या तारखा दिसू लागल्या.
विजूनं डोळे बारीक केले
आणि नकळत हात वर नेला,
कानाच्या वर, तिरका.

कूलरचं पाणी ठिबकत राहिलं.
हात खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन.
आईनं पाहिला. खुर्ची जवळ ओढून पाहिला.
"म्हणते, एवढी धग होती
तर घरी कधी बोलले कसे नाहीत."
मग जरा थांबून,
"अन् म्हणते, जुना पुसू नको.
सकाळी तोच लावत जाजो."