तेलाचा वळसा

वुड्रोमामाच्या पिकअपला ताप होता
आणि मामाला तो मान्य नव्हता.
"चढ आहे. गाडी आहे. तापणारच."
एवढं बोलून त्याने फोन ठेवला.
शनिवारी मी पेजहून पहाटेच निघाले,
शेजारच्या सीटवर खोका,
खोक्यात शाळेच्या पाटीएवढा कूलर,
पत्र्याच्या बारीक पापण्या दाटीने मिटलेल्या.

आधी डिपस्टिक काढली, कागदावर टिपली.
तेल लाल हवं, डाळिंब पिळल्यासारखं.
हे तपकिरी, करपट,
दिवसभर चुलीवर विसरलेला चहा.
कागद मामाच्या नाकाखाली धरला.
त्याने वास घेतला
आणि कुत्र्याकडे पाहिलं,
जणू हे त्याचंच काम.

दिवसाआड पाणी.
सत्तावीस मैलांवरच्या नळावर रांग,
ट्रेलरवर हजार लिटरची टाकी:
मेंढ्यांना, स्वयंपाकाला,
आणि मेसाच्या कडेला राहणाऱ्या ऑर्व्हिलला,
ज्याचा गुडघा नवा आहे, आणि गाडी नाही.
शेवटचे चार मैल नुसता चढ.
मागे पाणी गार डुचमळत येतं,
पुढे पोलादाच्या पोटात तेल उकळतं.

ग्रिल उतरवली. रेडिएटरच्या पुढ्यात
वर्षभराचे टोळ, वाळकं गवत,
अख्खं राहिलेलं एक पिवळं फुलपाखरू.
ब्रशने झाडलं सगळं.
फुलपाखरू मामाने उचलून कुंपणावर ठेवलं.
आता नळ्या. दोन.
एक नेणारी, एक परत आणणारी;
पुस्तकात एक लिहिलेलं, गाडीत दुसरंच.
म्हणून जोड सोडला, बादली धरली,
ओरडले, "चावी मार! दोनच सेकंद!"
मामा दोन मोजायला तीन लावतो.
रेडिएटरकडून पिचकारी आली,
अर्धी बादलीत, अर्धी माझ्या बाहीत.
असू दे. कळलं तरी. ही परतीची.

परतीच्याच वाटेवर बसवतात तो.
तेल रेडिएटरमधून निवत निवत निघतं,
त्याला म्हणायचं, बाबा, लगेच कामाला जुंपून घेऊ नकोस,
अजून एक वळसा घे, वाऱ्यातून,
मग जा.

हे मी मामाला बोलून दाखवलं नाही.
मामी गेली, त्याच्या पाचव्या दिवशी
तो नळाच्या रांगेत उभा होता.
तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही.
पाना मागितला, त्याने पाना दिला.
दहा नंबरचा मागितला, बाराचा दिला.

पापण्यांतून प्लास्टिकच्या काड्या ओवून
कूलर टांगतात काही लोक. मी नाही.
पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, बोल्ट आवळले,
नळी कुठे घासणार नाही ते दोनदा चाचपलं.
तेल भरलं. इंजिन चालू.
आणि वाळूत एक थेंब. लाल.
मग दुसरा.
मी कपाळाला हात लावला, कपाळही लाल.
मामा हसला. मार्चनंतर पहिल्यांदा, बहुधा.
खाली सरपटत गेला तो, एकाहत्तराव्या वर्षी,
आणि मी विसरलेली क्लिप
मुकाट्याने पिळून आला.

संध्याकाळी भरल्या टाकीनिशी चढलो.
मीटर मी डॅशबोर्डवर डकवला होता.
दोन आठवड्यांपूर्वी याच वळणावर
काटा दोनशे चाळीसच्या पुढे होता.
आज एकशे नव्वद. ब्याण्णव. तिथेच.
मामाने एकदाही पाहिलं नाही तिकडे,
म्हणजे मी बघत असताना तरी.
ऑर्व्हिलची टाकी भरेपर्यंत अंधार पडला.
"काय केलंस गाडीला?" त्याने विचारलं.
"भाचीने पुढे खिडकी बसवली," मामा म्हणाला.

हातभर नळी उरली होती.
मी ती खोक्यात टाकून पेजला न्यायची विसरले.
पुढच्या खेपेला पाहिलं,
मामाने ती उभी चिरून
फाटकाच्या साखळीवर चढवली होती.
रात्रभर वारा होता.
साखळी वाजली नाही.