एकच घर

सूरच्या कारखान्यात, जिथे समुद्राचं पाणी गोडं करतात,
पडद्यांची गुंडाळी असते मीटरभर लांब.
दोन पडद्यांमध्ये प्लास्टिकची जाळी, घरं घरं पाडलेली.
एका गुंडाळीत किती, कुणी मोजत नाही.
मी एकच घेते.
अडीच मिलिमीटरचं.
सगळी सारखीच तर आहेत, मुंधिर म्हणतो,
एकाचं गणित सुटलं की सगळ्यांचं सुटलं.

अट एवढीच:
उजव्या कडेतून जे बाहेर पडेल
ते डाव्या कडेतून आत यावं,
त्याच उंचीवर, त्याच वेगानं, तोंड त्याच दिशेला,
जसं काही ते कुठे गेलंच नव्हतं.
पाण्याला कळताही कामा नये
की मधे उंबरा होता.

त्यासाठी दोन्ही कडांवरचे बिंदू जुळावे लागतात,
समोरासमोर, एकाला एक.
रात्री साडेदहाला सॉल्व्हर अडून बसला.
डावीकडे बाराशे चार.
उजवीकडे बाराशे तीन.
मी जाळी मोठी करून पाहिली, फिरवून पाहिली,
तांदूळ निवडावेत तशी बोटानं सरकवत गेले,
पण इथे खडा नव्हता शोधायचा,
नसलेला दाणा शोधायचा होता.

टॉलरन्स वाढव, वर्गीस म्हणाला, चहा ठेवता ठेवता.
वाढवला असता तर जुळलंही असतं.
जवळच्यालाच आपलं समजून मशीननं गाठ मारली असती,
आणि ती चूक दर फेरीला
उजवीकडून निघून डावीकडे येत राहिली असती,
सुटलेल्या रंगासारखी, प्रत्येक कपड्याला थोडी थोडी.

दोन्ही कडा मी वेगवेगळ्या विणल्या होत्या, तिथेच चुकलं.
डावी विणायची
आणि तीच उचलून उजवीकडे ठेवायची.
नवी विणायची नाही.

गेटवरच्या पासावर मी कालसेकर आहे.
पासपोर्टात ळचा एल आधीच झाला होता,
मस्कतला उतरल्यावर त्याचा लाम झाला.
अकरा वर्षं दर मेमध्ये कालसेकर इथून बाहेर पडते
आणि कणकवलीच्या स्टँडवर रिक्षावाला विचारतो,
काळसेकरांचा चेडू ना गो तू?
हो म्हणताना जीभ मागे वळते, टाळूला लागते.
जूनमध्ये परत.
गेटवरचा शिपाई यादीवर बोट फिरवतो,
सापडतं त्याला नाव. जवळचं.

दाबाचं मात्र वेगळं.
वेग परत येतो तसाच, दाब येत नाही.
दर घरात तो थोडा उतरतो,
आणि ते उतरणं आपण हातानं लिहून द्यावं लागतं,
नाहीतर पाणी जागच्या जागी थांबतं.
मी आकडा लिहिते. दर घरामागे इतके पास्कल.
पाण्याला हे विचारायची पद्धत नाही.

आणखी एक, जे मुंधिरच्या अहवालात तळटीपेत जाईल:
सुरुवातीची काही घरं धरायची नसतात.
तिथे पाणी नवं असतं, भिंतींना बिचकतं,
एका घरातलं दुसऱ्यासारखं नसतं अजून.
माझा पहिला जुलै:
नळ सोडला तर हात भाजला,
मग मी आदल्या रात्री बादली भरून ठेवायला शिकले,
सकाळपर्यंत निवेल म्हणून.
आता आठवावं लागत नाही. हात आपोआप भरतात.

पहाटे चारच्या सुमारास शेष उतरायला लागला.
खिडकीबाहेर खोरात अर्धवट बांधलेली नाव,
तिच्या फासळ्यांवर एकच दिवा.
बाराशे चार, बाराशे चार.
पाणी बाहेर पडलं, आत आलं,
वर्गीसचा चहा तसाच राहिला होता, साय धरून.

फाईलला नाव द्या, मशीन म्हणालं.
मी एकच अक्षर दाबलं: ळ.
त्याच्याकडे ते नव्हतं.
पडद्यावर उमटली एक रिकामी चौकट,
चारी कडा जुळलेली.