एका अक्षराची दुरुस्ती

वादळ गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी
मढच्या जेटीवर उतरलो तेव्हा माझ्याकडे होतं
एक रजिस्टर, एक टेप, दोन पेनं
आणि कोतवाल धाकू, ज्याची स्वतःची कौलं उडाली होती.

माणसं चिखलात पत्रे शोधत होती.
जो तो दुसऱ्याचा पत्रा बरोबर ओळखत होता.
मी विचारत होतो : पूर्णतः की अंशतः?

गोमती वैतीच्या घराच्या दोन भिंती उभ्या होत्या.
दोन भिंतींना नियमात अंशतः म्हणतात.
ती काही बोलली नाही.
टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली,
मी मोजलं.

होडी खडकावर, दोन तुकड्यांत.
परवाना नवऱ्याच्या नावे, नवरा सात वर्षांमागे गेलेला.
लिहिलं : नोंद मयत इसमाचे नावे, सबब विचाराधीन.
अठरा वर्षांच्या नोकरीत
सबब हा शब्द तेव्हा पहिल्यांदा खुपला.

संध्याकाळी मार्व्याच्या फेरीबोटीतून चार पातेली आली.
मालाडचा कुणी हरकिसन शेठ, स्टीलच्या भांड्यांचा व्यापारी,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
"जेवलात?"
एवढाच त्याचा फॉर्म.
धाकू जेवला. गोमती जेवली.
आणि मी, शासनाचा प्रतिनिधी,
रजिस्टर काखेत धरून दोनदा वाढून घेतलं.
हे कुठे लिहायचं?
पंचनाम्यात खिचडीला रकाना नाही.

पाचव्या दिवशी टेम्पो आले.
आधी बॅनर उतरला, मग गोण्या.
गोण्यांत डाव्या पायाचे बूट, कुणाच्या लग्नातली शेरवानी,
जरीचे पडदे,
आणि बिस्किटं. इतकी बिस्किटं
की शेवटी कोंबड्यांनीही तोंड फिरवलं.
"आजी, पिशवी जरा वर धरा. इकडे बघा."
गोमतीने पिशवी वर धरली. इकडे बघितलं.
फोटो हलला म्हणून पुन्हा बघितलं.
"उपकार झाले," म्हणाली, वाकून.

त्या पोराला मी नावं ठेवणार नाही.
त्याच्या खांद्यावर गोण्यांचे वळ होते,
माझ्या खांद्यावर फक्त पिशवी.
पण सातव्या दिवशी दुसरीकडे कुठे दरड कोसळली
आणि टेम्पो तिकडे वळले.

मग आठ महिने.
फाईल तहसीलला, तहसीलहून कलेक्टर ऑफिसला,
तिथून एक त्रुटी घेऊन माघारी.
दर सोमवारी मी टेबलाटेबलावर जाऊन
त्या दोन भिंतींबद्दल बोलायचो.
साहेब पंखा एक नंबरने वाढवायचे.
शेवटी रक्कम मंजूर, चेक निघाला,
नाव : गोमटी वैती.
बँकेने घेतला नाही.

ती कचेरीत आली तेव्हा रांगेत तीसजण होते.
ती रांगेत थांबली नाही.
चेक माझ्या टेबलावर आपटला.
"गोमटी दिसतंय का रं मी तुना, या वयान?"
कुणीतरी हसलं. ती वळली, तो गप्प झाला.
"पैसं तुज्या बापाचं नाय. माजं हायत."

माझे कान तापले.
हरकिसन शेठवर ती कधी ओरडली नसती,
खिचडी अळणी असती तरी.
त्याने त्याचं तिला दिलं होतं.
मी तिचंच तिला देत नव्हतो,
म्हणून माझ्यावर ओरडायला तिला
कुणाची परवानगी लागली नाही.
आणि कोण जाणे, पण मला बरं वाटलं,
कचेरी असते ती यासाठीही असेल.

तरी खरं सांगतो,
त्या आठ महिन्यांत भूक लागली की
आठवायची ती खिचडीच.

मी यादी काढली.
लाल पेन चालेना, निळं घेतलं.
ट खोडला, वर त लिहिला,
बाजूला सही, दिनांक, हुद्दा.
टेबलाला हात टेकून ती बघत होती,
जाळ्याची गाठ नीट बसते की नाही
ते बघावं तशी.

"आता किती दिस?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं,
जे अजून मागच्याच महिन्यावर होतं,
आणि म्हणालो,
आठवडा.